एअर पिस्तूलचे शॉट अचानक पसरू लागले तर काय तपासावे, आणि कुठे थांबावे

रेंजवर पिस्तुले दुरुस्त करायला माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकच असते : "कालपर्यंत नवात-दहात बसत होते, आज मधूनच एखादा सातात पळतो." दहा मीटर एअर पिस्तूल मारणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटते. बरे केले तरी काही महिन्यांनी परत येते, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर. अशा वेळी घाबरून साइटचे (नेम धरायच्या पात्यांचे) स्क्रू फिरवू नका आणि नवीन पिस्तुलाच्या किमतीही विचारू नका. आधी कार्ड, म्हणजे ज्यावर शॉट मारले तो लक्ष्याचा कागद, नीट वाचा.

लक्षणे

सगळे शॉट एकमेकांना चिकटून आहेत, पण पूर्ण ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, एका बाजूला सरकला आहे : साइट, प्रकाश किंवा मूठ. छर्रा किंवा नळी यात जवळजवळ कधीच नसते.

आठ-नऊ शॉट घट्ट आणि एखादाच लांब : छर्रा खराब, छर्रा नीट न बसलेला, किंवा हात. 

ग्रुप चारही बाजूंनी सैल, जणू नेम धरताच येत नाही : काहीतरी ढिले आहे, नळी घाण आहे किंवा छर्रा त्या नळीला मानवत नाही.

ग्रुप उभा लांबट, किंवा सराव पुढे सरकतो तसे शॉट हळूहळू खाली उतरतात : हवेचा दाब.

भोके गोल न पडता फाटकी, कडा ओढल्यासारख्या : ओलसर कागद, किंवा छर्रा वाटेत कशाला तरी घासून वेडावाकडा जातो आहे.

आता आकड्यांचा थोडा हिशेब. तो कळला की निम्म्या शंका जागीच मिटतात. दहाचे वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचे. छर्रा ४.५ मिमीचा आणि त्याची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्र्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत असला की दहा, १६ च्या आत नऊ, २४ च्या आत आठ. सात पडला याचा अर्थ शॉट मध्यापासून २४ मिमीहून दूर गेला. चांगल्या मॅच (स्पर्धेच्या) पिस्तुलासोबत कारखान्यातून टेस्ट कार्ड येते. त्यावर पाच छर्र्यांनी मिळून जवळपास एकच भोक पाडलेले दिसते. छर्र्याची जात बदलून ग्रुप थोडा उघडेल किंवा मिटेल, पण नुसत्या छर्र्याच्या जातीमुळे दहाचा सात होत नाही. सात दिसला की आधी ढिला स्क्रू, अर्धवट बसलेला छर्रा आणि आपला हात, या क्रमाने शंका घ्यायची. दहाच्या जागी वारंवार नऊ येत असेल तर मात्र छर्र्यांचे डबे तपासण्यात अर्थ आहे.

हात लावण्याआधी

पुढचे सगळे रेंजवर, छर्रे अडवणाऱ्या पेटीसमोर आणि कोचला सांगूनच करायचे. पिस्तुलाचे तोंड सतत लक्ष्याकडे, डोळ्याला चष्मा, आणि नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण दाखवणारी रंगीत दोरी) घातल्याशिवाय एकही स्क्रू फिरवायचा नाही. हवेचा सिलिंडर काढला म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे समजू नका. आतल्या कप्प्यात एखाद्या शॉटपुरती हवा उरलेली असते. सिलिंडर काढल्यावर पेटीकडे रोखून रिकामा शॉट सोडा, मग फ्लॅग घाला.

०.५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने निघाला तर त्याची ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास असते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या हवाई हत्याराला परवाना लागत नाही, त्यामुळे घरातली मंडळी त्याला खेळणे समजतात. डोळा जायला ही ऊर्जा पुरून उरते. गच्चीवर, बाल्कनीत, कबुतरांवर कोणतीही चाचणी होत नाही. पक्ष्या-प्राण्यांच्या बाबतीत तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा उभाच आहे.

आपल्या हातात असते ती छर्र्याची निवड आणि तो नळीत बसवण्याची पद्धत, आणि त्या दोन्हींमध्ये करण्यासारखे पुष्कळ आहे.

फुकटची तपासणी

पहिल्यांदा लक्ष्यावरच संशय घ्या. इलेक्ट्रॉनिक टार्गेटमध्ये आतली कागदाची पट्टी सरकायची थांबली, की एकाच भोकातून छर्रे जात राहतात आणि काही मशिने शॉट चुकीच्या जागी दाखवतात. दहा शॉट साध्या कागदी कार्डावर मारा. पडद्यावरचा सात कागदावर नऊ निघाला तर पिस्तूल पेटीत ठेवा आणि रेंजवाल्यांना सांगा. पावसाळ्यात कार्डे दमट होतात. सपाट डोक्याच्या छर्र्याने कोरडे कार्ड पंच मारल्यासारखे स्वच्छ कापले जाते, दमट कार्ड मात्र फाटते आणि भोकाची कड कुठे हेच कळत नाही. कार्डे बंद डब्यात ठेवायची, मागे जाड पुठ्ठा लावायचा.

प्रकाशही बघा. लेनवरचा एक दिवा गेला किंवा बाजूची खिडकी उघडली की पुढच्या साइटची एक कड उजळ दिसते, डोळा त्या बाजूला फसतो आणि पूर्ण ग्रुप सरकतो. दिवा बदलला की ग्रुप जागेवर येतो, आणि मधल्या काळात साइट फिरवलेली असेल तर तीच नवी तक्रार होऊन बसते.

मग माणूस आणि पिस्तूल वेगळे करा. टेबलावर वाळूची पिशवी किंवा घट्ट गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि त्यावर मनगटे टेकवून मारा. नळी किंवा सिलिंडर पिशवीला टेकता कामा नये, टेकला की शॉटची जागा बदलते आणि चाचणी वाया जाते. दहा-दहा शॉटची निदान तीन कार्डे घ्या. पाच शॉटच्या एका कार्डावर निकाल देऊ नका. पाच शॉट योगायोगानेही छान बसतात आणि योगायोगानेच विखुरतात. टेकवून मारताना ग्रुप घट्ट आला तर पिस्तुलाला दोष देऊ नका, पुढचा विषय तुमचा आणि कोचचा. कार्डाबद्दल शंका उरली तर तेच पिस्तूल, तेच छर्रे दुसऱ्या अनुभवी नेमबाजाच्या हातात द्या. दोघांचेही पसरले, तरच पुढे वाचा.

स्क्रू

इथे किल्लीशिवाय काही खर्च नाही, आणि सर्वांत जास्त तक्रारी इथेच संपतात. म्हणून या टप्प्यावर घाई करू नका.

मुठीपासून सुरुवात. लाकडी मूठ आपल्या हवेत फुगते आणि आकसते. जूनमध्ये घट्ट असलेली मूठ डिसेंबरच्या कोरड्या हवेत स्क्रूभोवती सैल होते. पिस्तूल एका हाताने फ्रेमपाशी धरा, दुसऱ्या हाताने मूठ मागे-पुढे ढकला. डोळ्याला काही दिसणार नाही, पण बोटाला बारीकसा 'टक्' जाणवतो. तो जाणवला तर मुठीचा मुख्य स्क्रू घट्ट करा. तळहाताखालची सरकती फळीही बघा. ती एखादा मिलिमीटर खाली घसरली तरी मनगटाचा कोन बदलतो आणि शॉट उभ्या रेषेत फिरतात.

मग मागची साइट. पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर साधारण ३२० मिमी धरा. मागची साइट पाव मिलिमीटर हलली, तर दहा मीटरवर शॉट जवळपास ८ मिमी सरकतो, म्हणजे एक पूर्ण गुण. पाव मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डाची जाडी. साइटच्या पात्याला नखाने डावी-उजवीकडे हलके ढकलून बघा. अजिबात खेळ नको. पुढच्या साइटचा स्क्रूही तसाच तपासा. बदलत्या रुंदीची पाती लावणाऱ्यांकडे तो हमखास अर्धवट आवळलेला असतो.

शेवटी नळी धरून ठेवणारे स्क्रू आणि नळीच्या तोंडावरचा काँपेन्सेटर. हा काँपेन्सेटर छर्र्यामागची हवा बाजूला उडवून देतो. तो जरा तिरका बसला की बाहेर पडणारा छर्रा त्याच्या भोकाच्या कडेला पुसटसा घासतो आणि मग कुठेही जातो. पुढून टॉर्च मारून भोकाच्या कडेवर बघा (फ्लॅग घातलेला आणि सिलिंडर काढलेला असतानाच). एका बाजूला शिशाचा चकचकीत राखाडी ओघळ दिसला तर कारण सापडले. काँपेन्सेटर काढून, पुसून, पुन्हा सरळ बसवा.

स्क्रू आवळताना जोर लावू नका. फ्रेम ॲल्युमिनियमची असते, आटे गेले तर स्वस्तातली दुरुस्ती महागात जाते. मॅन्युअलमध्ये किती आवळायचे ते दिलेले असेल तर तेवढेच. आणि एका वेळी एकच स्क्रू, मग दहा शॉट. सगळे एकदम आवळले तर दोष कुठे होता ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोधत बसावे लागते.

छर्रे

आता खिशाला थोडी झळ. पण नवीन डबा घेण्याआधी जुना उघडून बघा.

मॅचचा छर्रा डमरूच्या आकाराचा असतो : सपाट डोके, बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर, ज्याला सगळे स्कर्टच म्हणतात. हा स्कर्ट पातळ शिशाचा. शॉट सुटताना हवेच्या दाबाने तो फुगतो आणि नळीला चिकटून हवा अडवतो. स्कर्टला खळगा पडला असेल तर एका बाजूने हवा निसटते आणि छर्रा नळीबाहेर पडतानाच कलतो. डबा खिशात खुळखुळत ठेवणे, हातातून पडणे, डब्यातून छर्रे ओतून घेणे, यांनी स्कर्ट दबतात. पांढऱ्या कागदावर वीसेक छर्रे स्कर्ट वर करून उभे करा आणि भिंगातून बघा. गोल नसलेले बाजूला काढा. पांढरट भुकटी धरलेले, म्हणजे गंजलेले, तर सगळेच. त्या भुकटीला फुंकर मारू नका. शिसे पोटात आणि श्वासात जाणे वाईट, मुलांना तर फारच. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे आणि रेंजवर त्या हातांनी वडापाव खायचा नाही, हा नियम मी नवीन मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो.

एखादाच शॉट लांब जाणाऱ्यांनी छर्रा बसवण्याकडे बघावे. अंगठ्याने घाईत ढकललेला छर्रा तिरका बसतो, आणि झाकण बंद करताना स्कर्टची कड चिरडली जाते. प्रत्येक छर्रा सारख्याच जोराने, नळीच्या कडेशी सपाट होईपर्यंत बसवा. खात्री करायची असेल तर सिलिंडर काढून, आतली हवा सोडून, एक छर्रा नेहमीसारखा बसवा आणि मऊ काठीने हळूच पुढे ढकलून नळीबाहेर काढा. तळहातावर घेऊन भिंगाखाली फिरवा. नळीतल्या पिळदार खाचांच्या बारीक तिरप्या रेषा डोक्यावर आणि स्कर्टवर सगळीकडून सारख्या उमटलेल्या दिसल्या पाहिजेत. डोक्यावर एकाच बाजूला रेषा असतील तर तो तिरका बसला होता. डोक्यावर रेषाच नसतील तर छर्रा त्या नळीला लहान पडतो.

आता मापाकडे या. एकाच नावाचे छर्रे डोक्याच्या ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत मिळतात, आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी. मित्राच्या पिस्तुलात ४.४९ उत्तम चालतो म्हणून तुमच्यात चालेल असे नाही, दोन्ही पिस्तुले एकाच कंपनीची असली तरीही. क्लबमध्ये पाच-सहा जणांनी मिळून वेगवेगळ्या मापांचा एकेक डबा घ्यावा आणि वाटून चाचणी करावी. पाचशेचा पूर्ण डबा केवळ चाचणीसाठी एकट्याने विकत घेण्याची गरज नाही.

चाचणी अशी करा. छर्रा बदलला की पहिले काही शॉट मोजायचे नाहीत, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो आणि नवीन छर्रा त्यात रुळायला वेळ लागतो. मग दहा शॉट टेकवून. सगळी मापे एकदा मारून झाली की उलट क्रमाने पुन्हा मारा, कारण शेवटच्या डब्याच्या वेळी तुमचे डोळे थकलेले असतात आणि दोष बिचाऱ्या छर्र्यावर जातो. प्रत्येक कार्डावर छर्र्याचे नाव, माप, डब्याच्या तळाचा लॉट नंबर आणि त्या वेळचा दाब लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन्ही दिवशी जो जिंकेल तो तुमचा. मग त्याच लॉटचे परवडतील तेवढे डबे घेऊन ठेवा. लॉट बदलला की ही चाचणी पुन्हा करावी लागते.

नळी

नळी घाण असेल तर सैल ग्रुप हळूहळू, आठवड्यांत वाढत जातो. एका दिवसात बिघडला तर नळीला दोष देऊ नका. दाबाच्या हवेवर चालणाऱ्या मॅच पिस्तुलात दोन-तीन फेल्टचे बोळे एकामागे एक बसवून शॉट सोडता येतो. बोळे काळे यायचे थांबेपर्यंत हे करा. स्प्रिंगच्या पिस्तुलात (ज्यात स्प्रिंगने ढकललेला पिस्टन हवा दाबतो) मात्र बोळा उडवू नका. फेल्ट हलके असते, पिस्टनला पुढे अडवायला काही राहत नाही आणि तो जोरात आपटतो. त्यात दोरीने बोळा ओढा, छर्रा भरण्याच्या बाजूकडून तोंडाकडे. लोखंडी काठी आणि पितळी ब्रश दोन्ही वर्ज्य. सफाईनंतर पहिले शॉट भरकटतात, ते मोजू नका.

तेलाचा मोह टाळा. स्प्रिंगच्या पिस्तुलात छर्र्यामागे तेल गेले की दाबाच्या उष्णतेने ते पेटते. आवाज मोठा येतो, जळका वास येतो आणि शॉट वर उडतो. ही तक्रार घेऊन आलेल्याने आदल्या दिवशी "जरा तेलपाणी" केलेले असते.

हवा

आधी हिशेब. १५० मीटर वेगाने छर्रा दहा मीटर जाईपर्यंत सुमारे २२ मिमी खाली येतो. वेग १४० झाला तर २५, १२० झाला तर ३४ मिमी. हवेचा रोध धरला तर थोडे अधिक. म्हणजे किरकोळ फरकाने दहाचा नऊही व्हायचा नाही, पण दाब खरोखर कोसळला की ग्रुप एका गुणाहून जास्त खाली उतरतो. म्हणून शॉट खाली जात असतील तर साइट वर करण्याआधी दाबमापक बघा. बहुतेक सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. खालची मर्यादा तुमच्या मॅन्युअलमध्ये असते, तिच्याखाली रेग्युलेटर (दर शॉटला सारखाच दाब सोडणारा भाग) काम करत नाही.

भरल्यानंतर तासाभरात काटा थोडा उतरला तर ती गळती नव्हे. भरताना हवा तापते, निवल्यावर दाब घटतो. खरी गळती शोधायला पैसे लागत नाहीत : एक रात्र सिलिंडर पिस्तुलाला लावून ठेवा, दुसऱ्या रात्री काढून ठेवा, आणि दोन्ही सकाळी काटा लिहून ठेवा. लावल्यावरच उतरत असेल तर गळती पिस्तुलात, काढूनही उतरत असेल तर सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये. छर्रा भरण्याच्या तोंडाशी असलेली रबरी रिंग बघायची असेल तर तिथे टिश्यूची पट्टी चिकटवा, बोटे लांब ठेवून पेटीकडे शॉट सोडा. पट्टी फडफडली तर रिंग गेली. मूळ मापाची रिंग मॅन्युअलप्रमाणे बदलणे घरी जमते. हार्डवेअरच्या दुकानातली "जवळपासची" रिंग घालू नका.

इथे थांबा

सिलिंडरवर कोरलेली मुदत संपली असेल तर तो लावायचा नाही, भरायचा नाही, कोणाला विकायचाही नाही. साधारण दहा वर्षांची मुदत असते, आणि स्पर्धेत ती पाळण्याची जबाबदारी नियमाप्रमाणे खेळाडूचीच आहे. सिलिंडरचा व्हॉल्व्ह, दाबमापक आणि रेग्युलेटर घरी उघडायचे नाहीत, कितीही व्हिडिओ पाहिलेले असोत. २०० बार दाबाखाली निसटलेला पितळी तुकडा छर्र्यापेक्षा घातक असतो. सिलिंडरवर खोल ओरखडा किंवा पोचा असेल, आटे झिजलेले असतील, किंवा तो मे महिन्यात बंद गाडीत राहिला असेल, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय लावू नका. आणि त्यात फक्त कोरडी, गाळलेली हवा. ऑक्सिजन कधीही नाही, तेल-ग्रीसशी गाठ पडली तर स्फोट होतो.

ट्रिगरचेही तसेच. नियमाने किमान ५०० ग्रॅमचा ओढा लागतो आणि तो वजन लटकवून तपासता येतो. बाहेरचे स्क्रू मॅन्युअलप्रमाणे फिरवा, त्यापुढे नाही. पिस्तूल हलवल्यावर किंवा झाकण बंद करताना आपोआप सुटत असेल, तर त्याच क्षणी सराव बंद, सिलिंडर बाहेर, हवा सोडून फ्लॅग आत, आणि पिस्तूल थेट कंपनीच्या अधिकृत कारागिराकडे. "आज स्पर्धा आहे, एवढी झाली की देतो" हे चालणार नाही.

वरचे सगळे करूनही टेकवून मारलेला ग्रुप सैलच राहिला तर नळीचे तोंड झिजलेले असेल किंवा रेग्युलेटर दर शॉटला वेगळा दाब देत असेल. त्याला वेग मोजायचे यंत्र आणि सरावलेला हात लागतो. कारागिराकडे नुसते पिस्तूल पाठवू नका. चाचणीची कार्डे, वापरत होता तो छर्र्यांचा डबा, दाबाच्या नोंदी आणि कोणता स्क्रू कधी फिरवला त्याची चिठ्ठी सोबत द्या. सिलिंडर मात्र कुरिअरने भरलेला जाणार नाही, तो रिकामा करून वेगळा बांधा.